संगणकातल्या संगणकाला फाइल द्यायची कशी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. त्याच्या आगेमागे कितीतरी छोट्या कचेऱ्या, दुकानं आणि छापखान्यांत नवे संगणक आले. सगळ्यांपुढे प्रश्न एकच: ज्या जुन्या प्रोग्रामवर रोजचं काम चालतं, तो या नव्या यंत्रावर चालतच नाही. आता काय करायचं?

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात हेच झालं. तिथली वीस वर्षांची कामं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये आहेत: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दोन दिवाळी अंक. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची, आणि २००४ मध्ये अडोबीने त्याचं पुढचं कामच थांबवलं. त्याच्या जागी आलेला इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत असे. नंतरच्या आवृत्त्या त्याही उघडत नाहीत. त्यात मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत नाही, जुन्या श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आहे. मग नव्या संगणकाच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम वापरून विंडोज एक्सपी बसवायचं, असं मी ठरवलं.

एक्सपीची ती ओळखीची धून वाजली, पेजमेकर उघडला, छापखान्यातल्या काकांचा चेहरा खुलला. पण पुढच्याच मिनिटाला त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "हे झकास झालं रे. पण मला मेलवर आलेला लेख यात घालू कसा? आणि पान लागलं की बाहेर काढू कसं?"

व्हर्च्युअल मशीन वापरू लागणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी विंडोजच्या आत उबुंटू हे लिनक्स टाकतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, 'माझी असाइनमेंटची फाइल आत कशी नेऊ?' म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेऊ.

मुळात मध्ये भिंत का असते?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत चालणारा, फक्त सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्या खऱ्या संगणकाला 'होस्ट' म्हणतात आणि आतल्याला 'गेस्ट'. मराठीत यजमान आणि पाहुणा. शब्द अगदी चपखल आहेत, म्हणून पुढे तेच वापरतो.

या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हेच माहीत नसतं. एक्सपीला वाटतं की आपण २००५ सालच्या एका स्वतंत्र यंत्रावर चाललोय, त्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःची हार्ड डिस्क आहे. ती 'हार्ड डिस्क' म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. काकांच्या संगणकावर ती ११ जीबीची आहे. एक्सपीच्या दृष्टीने तेच सगळं विश्व. त्या फाइलीबाहेर आणखी एक घर आहे, त्यात यजमानाचं डेस्कटॉप आहे, डाउनलोड फोल्डर आहे, यातलं काहीच त्याला दिसत नाही.

भिंत मुद्दाम आहे. आत व्हायरस आला तर तो आतच अडकावा, आतलं विंडोज कोसळलं तर बाहेरचं काम चालू राहावं, ही तर व्हर्च्युअल मशीनची मुख्य कमाई. फाइलींची देवाणघेवाण करायची म्हणजे याच भिंतीत आपल्या हाताने एक खिडकी पाडायची. ती कुठे आणि केवढी पाडायची, सगळा प्रश्न एवढाच आहे.

ती मोठी फाइल बाहेरूनच उघडली तर?

हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. पाहुण्याची डिस्क शेवटी माझ्याच संगणकावरची फाइल असेल, तर ती उघडून हवं ते आत का टाकू नये?

मशीन पूर्ण बंद असेल तर हे करता येतं, त्यासाठी साधनंही आहेत. मशीन चालू असताना मात्र चुकूनही करू नका. कल्पना करा, पतपेढीत एकच खतावणी आहे आणि दोन कारकून ती एकाच वेळी लिहितायत, एकमेकांकडे न बघता. दोघांनीही कालची शिल्लक मनात धरलेली. एकाने रिकामी समजून धरलेल्या ओळीवर दुसऱ्यानेही नोंद केली की वही बाद. डिस्कवर कुठली जागा भरली, कुठली मोकळी आहे, याचा हिशेब विंडोज मोठ्या प्रमाणात मेमरीत धरून ठेवतं. दुसऱ्या कोणी मागच्या दाराने डिस्कवर लिहिलं की तो हिशेब खोटा ठरतो, आणि एखादीच नव्हे तर सगळी डिस्क नासू शकते.

म्हणून नियम असा: डिस्क कोणा एकाचीच. दुसऱ्याने मागायचं आणि पहिल्याने काढून द्यायचं.

खिडकीतून मागायचं, आत शिरायचं नाही

'शेअर्ड फोल्डर' याच नियमाने चालतो. औषधाच्या दुकानात आपण काउंटरच्या पलीकडे जात नाही. चिठ्ठी देतो, आतला माणूस फळीवरून औषध काढून हातात ठेवतो. फळ्यांना हात त्याचाच लागतो. शेअर्ड फोल्डरमध्ये एक्सपी म्हणतं, 'मला या फोल्डरमधली अमुक फाइल दे.' ही चिठ्ठी भिंतीपलीकडे जाते, बाहेर चालू असलेला व्हर्च्युअलबॉक्स ती वाचतो, यजमानाच्या विंडोजकडून फाइल घेतो आणि मजकूर आत पाठवतो. आत बसलेल्याला मात्र वाटतं की आपल्याला आणखी एक ड्राइव्ह मिळाला. यासाठी इंटरनेट लागत नाही, नेटवर्कही लागत नाही.

पण चिठ्ठी लिहायला आतल्या बाजूला एक माणूस हवा. एक्सपी आलं तेव्हा त्याला अशा खिडकीची कल्पनाच नव्हती. हा माणूस म्हणजे 'गेस्ट ॲडिशन्स' नावाचं छोटं पॅकेज, जे पाहुण्याच्या आत बसवावं लागतं. शेअर्ड फोल्डर सेटिंगमध्ये जोडलाय पण आत दिसत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे पॅकेज बसवलेलंच नसतं.

आता खिडकीच नसताना ते पॅकेज आत गेलं कसं? सीडीतून! मशीनच्या 'डिव्हाइसेस' मेनूमध्ये गेस्ट ॲडिशन्सची सीडी घालण्याची सोय असते. खरी सीडी कुठेच नाही, सीडीची नक्कल असलेली एक फाइल आहे आणि पाहुण्याच्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये ती 'घातली' जाते. विंडोज ९८ सारख्या फार जुन्या पाहुण्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्स नाहीतच. तिथे आपल्या फाइलींची अशीच सीडी-प्रतिमा बनवून आत घालायची. सीडीवर लिहिता येत नाही, त्यामुळे वाट एकेरी. पण हमखास चालते.

ही युक्ती नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० आणलं. त्यात प्रत्येकाला स्वतःचा पूर्ण आभासी संगणक मिळे, आणि त्याला पंचकार्डं पाडणारं आभासी यंत्र आणि ती वाचणारं आभासी यंत्रही असे. दुसऱ्याला फाइल द्यायची तर ती आपल्या पंच यंत्रावर 'पाडायची', म्हणजे ती त्याच्या वाचकात जाऊन पडे. पुठ्ठ्याचं एकही कार्ड न वापरता. पाहुण्याला जी वस्तू ओळखीची आहे, तिच्याच रूपात फाइल त्याच्यापुढे ठेवायची, हे तेव्हाही कळलेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

छापखान्यातली आवक-जावक

काकांसाठी मी दोन फोल्डर केले. कुठल्याही कचेरीत असतात तसे: आवक आणि जावक.

'आवक' फक्त वाचण्यासाठी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फोल्डर जोडतानाच तशी खूण करता येते, म्हणजे पाहुणा त्यातून घेऊ शकतो, त्यात काही बदलू किंवा पुसू शकत नाही. 'जावक'मध्ये त्याला लिहिता येतं. दोन्हींना 'आपोआप जोडा' आणि 'कायमचं' या खुणा केल्या. दुसरी विसरली तर मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर फोल्डर गायब होतो आणि माणूस गोंधळतो.

नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवली, आणि याला कारण आहे. पेजमेकर युनिकोडच्या आधीच्या घडणीचा. देवनागरी नावाची फाइल त्याला उघडता येत नाही. एक्सपीमध्येही भारतीय भाषांचा आधार वेगळा बसवावा लागतो, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फक्त तिचं नाव वाचता येत नाही. तरीही घाईच्या वेळी स्क्रीनवर चौकोन दिसले की पोटात गोळा येतोच.

आता एका लेखाचा प्रवास बघा. लेखिकेने तो मोबाइलवर टाइप करून मेल केलाय, म्हणजे मजकूर युनिकोड. काका तो बाहेरच्या नव्या विंडोजवर उघडतात आणि कन्व्हर्टरमधून श्री-लिपीच्या जुन्या सांकेतिक रूपात बदलतात. हा बदल बाहेरच करायचा, कारण नवी साधनं तिथेच चालतात. तयार फाइल 'आवक'मध्ये. आत एक्सपीमध्ये ती नव्या ड्राइव्हवर दिसते. काका ती आधी एक्सपीच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवतात आणि मगच पेजमेकरमध्ये घेतात. थेट शेअर्ड फोल्डरमध्ये पेजमेकरची फाइल उघडी ठेवून काम करू नये, असा माझा अनुभव आहे. जुना प्रोग्राम फाइल सतत उघडी धरतो, मधूनमधून थोडं थोडं लिहितो, आणि खिडकीतून चाललेल्या या ये-जामध्ये कधीतरी अडखळतो.

पान लागलं की प्रिंटची आज्ञा द्यायची, पण प्रिंटरला नाही, फाइलला. म्हणजे पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार होते, फॉन्टसकट. ती 'जावक'मध्ये टाकली की बाहेर तिची पीडीएफ बनते. फॉन्ट पोटातच असल्यामुळे प्लेट काढणाऱ्याकडे श्री-लिपी नसली तरी अक्षर जसंच्या तसं उमटतं. पहिलं पान असं बाहेर आलं तेव्हा काकांनी पडद्यावर 'र्‍य' आणि 'ऱ्ह' मोठे करून पाहिले, जुन्या अंकाशी ताडले, आणि मगच मान हलवली.

"पण पेनड्राइव्ह आहे की!"

आहे, आणि चालतोही. फक्त एका वेळी तो एकाचाच. पाहुण्याला जोडला की यजमानाकडून नाहीसा होतो, तोही न सांगता. अडचण तेव्हा होते जेव्हा बाहेर फाइल कॉपी होत असताना कोणीतरी तो आत जोडतं, जणू चालू कॉपीच्या मध्येच ओढून काढला. डोंगलसाठी मात्र ही सोय उत्तम आहे. काही जुनी पॅकेजं यूएसबी डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत, तो आत जोडून देता येतो.

फाइल माउसने ओढून आतल्या खिडकीत टाकता येते, हेही खरं. एखाद्या चित्रासाठी ठीक. पण कधी चालतं, कधी नुसतंच थांबून राहतं. रोजच्या कामाचा भार मी त्यावर टाकणार नाही.

मेल किंवा क्लाउड? एक्सपीवरचं इंटरनेट एक्सप्लोरर ८ आजच्या बहुतेक सुरक्षित साइट उघडूच शकत नाही, कारण त्या ज्या कूटपद्धती मागतात त्या त्याला येत नाहीत. आणि मुळात एक्सपीला इंटरनेटवर सोडायचंच नाही. ८ एप्रिल २०१४ ला त्याचा आधार संपला. छापखान्यातल्या मशीनची आभासी नेटवर्क केबल मी सेटिंगमध्येच काढून ठेवली आहे. शेअर्ड फोल्डरला त्याने काहीच फरक पडत नाही, आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू.

विंडोजचं नेहमीचं नेटवर्क शेअरिंग वापरू म्हटलं तर एक्सपीला त्याची पहिली, जुनाट पद्धतच येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच पद्धतीतल्या एका दोषातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १० मध्ये आपोआप देणं थांबवलं. आता एका छापखान्यासाठी ती पुन्हा चालू करणं मला पटत नाही. आतला पाहुणा उबुंटू किंवा नवं विंडोज असेल तर नेटवर्कचा रस्ता चांगला आहे. फक्त लक्षात ठेवा, व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ नेटवर्क म्हणजे फक्त आउटगोइंग चालू असलेला फोन. पाहुणा बाहेर बोलू शकतो, बाहेरून त्याला कोणी फोन लावू शकत नाही.

उबुंटूतली ती 'परवानगी नाही'

विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळणारी अडचण ही. गेस्ट ॲडिशन्स बसल्या, फोल्डर जोडला, तो उबुंटूच्या 'मीडिया' फोल्डरमध्ये दिसतोही, पण क्लिक केलं की 'परवानगी नाही'.

लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरला मालक असतो आणि एक गट असतो. आपोआप जोडलेल्या फोल्डरचा मालक असतो 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, आणि गट असतो 'व्हीबॉक्सएसएफ'. बाकीच्यांना आत बघायचीही मुभा नाही. तुम्ही त्या गटात नाही, एवढंच कारण आहे. सोसायटीच्या जिमची चावी सभासदांनाच मिळते, तसं. स्वतःचं नाव त्या गटात घालायचं आणि मग, इथेच पुष्कळ जण चुकतात, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं. तुम्ही कोणकोणत्या गटांत आहात हे लिनक्स लॉगइनच्या क्षणी ठरवतं. नंतर यादीत नाव आलं तरी आधीपासून आत असलेल्याला ते लागू होत नाही. गट बरोबर घालूनही 'चालत नाही' म्हणून संध्याकाळभर डोकं धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, त्या फोल्डरमधल्या फाइलींच्या परवानग्या आतून बदलता येत नाहीत, कारण फळ्या औषधवाल्याच्या आहेत. यजमान विंडोज असेल तर नियमही विंडोजचेच. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं बदलून एकाच नावाच्या दोन फाइली तिथे ठेवता येत नाहीत, उबुंटूत येतात. फाइल बाहेरून बदलली तर आतल्या प्रोग्रामला त्याची वर्दीही मिळत नाही. म्हणून प्रोजेक्टचा कोड पाहुण्याच्या डिस्कवर ठेवावा आणि शेअर्ड फोल्डर फक्त ये-जा करायला वापरावा.

खिडकी केवढी ठेवायची?

एकदा खिडकी जमली की मोह होतो: दरवेळी फाइल हलवत बसण्यापेक्षा अख्खा सी ड्राइव्हच जोडून टाकू. हे कृपा करून करू नका.

मे २०२० मध्ये सोफॉस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी रॅग्नार लॉकर टोळीची एक पद्धत उघड केली. ही टोळी फाइलींना कुलूप लावून खंडणी मागत असे. त्यांनी बळी पडलेल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवलं, त्यात एक छोटंसं विंडोज एक्सपी चालवलं आणि यजमानाचे सगळे ड्राइव्ह शेअर्ड फोल्डर म्हणून आत जोडले. कुलूप लावणारा प्रोग्राम एक्सपीच्या आत चालू होता, जिथे यजमानाचा अँटिव्हायरस पोचत नाही. बाहेर फाइली बदलताना दिसत होत्या त्या व्हर्च्युअलबॉक्सच्या नावाने, म्हणजे एका भरवशाच्या प्रोग्रामच्या नावाने. औषधवाला प्रामाणिकपणे चिठ्ठ्या वाचत होता, चिठ्ठ्या लिहिणारा चोर होता.

चिठ्ठी वाचणारा तुमच्या नावाने काम करतो, हे यातलं मर्म. जोडलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही जे करू शकता, ते सगळं पाहुणाही करू शकतो. खिडकीच्या चौकटीतही कधी कधी फट निघते. २००८ मध्ये व्हीएमवेअर या व्हर्च्युअलबॉक्ससारख्याच दुसऱ्या प्रोग्रामच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असा दोष सापडला होता, ज्यातून पाहुणा ठरवून दिलेल्या फोल्डरच्या बाहेर यजमानाच्या इतर फाइलींपर्यंत पोचू शकत होता. तो दुरुस्त झाला. पण संशयास्पद फाइल तपासायला मशीन वापरत असाल, तर त्या वेळी एकही शेअर्ड फोल्डर जोडलेला नसावा.

स्नॅपशॉटचा हिशेब वेगळा

हे मला किंमत मोजून कळलं, म्हणून सविस्तर सांगतो. स्नॅपशॉट म्हणजे मशीनचा त्या क्षणाचा पूर्ण फोटो. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. एक्सपी नीट बसल्यावर मी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. दिवाळी अंकाच्या धावपळीत एका सकाळी एक्सपी सुरूच होईना. काकांना घाई होती. मी स्नॅपशॉटवर परत गेलो, आणि जाण्याआधी 'सध्याच्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यायचा का' ही समोर असलेली खूण काढून टाकली. मशीन लगेच सुरू झालं.

तीन दिवसांत लावलेली बारा पानं एक्सपीच्या डेस्कटॉपवर होती. ती गेली, कारण डेस्कटॉप त्याच मोठ्या फाइलीच्या आत असतो आणि ती फाइलच मागच्या तारखेला गेली होती. 'जावक'मधल्या प्रूफाच्या पीडीएफ मात्र जागच्या जागी होत्या. शेअर्ड फोल्डर यजमानाच्या डिस्कवर राहतो, स्नॅपशॉट त्याला हात लावत नाही. मागे जाताना तो वाचतो, आणि त्याच कारणाने त्यात चुकून काही पुसलं तर स्नॅपशॉट ते परत आणू शकत नाही.

त्या पीडीएफ समोर ठेवून काकांनी दोन रात्री जागून बाराही पानं पुन्हा लावली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

आता काम एक्सपीच्या डिस्कवरच चालतं, पण दुपारच्या चहाला आणि संध्याकाळी निघताना पेजमेकरची फाइल 'जावक'मध्ये कॉपी होते, नावापुढे तारीख घालून. रात्री 'जावक'चा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो. आणि स्नॅपशॉटवर मागे जायचं असेल तर आधी काका स्वतः 'जावक' उघडून आजची तारीख बघतात, मगच मला 'कर' म्हणतात.